पगार, घरकुल, घरपट्टी: आई-वडिलांचे कागद पहिल्यांदा हातात घेणाऱ्यांसाठी

श्रावणबाळ म्हणा की निराधार, मराठवाड्यात त्या पैशाला सगळे ‘पगार’च म्हणतात. महिन्याचे पंधराशे रुपये. तो चालू करायचा, जमलं तर घरकुल मिळवायचं आणि थकलेली घरपट्टी मिटवायची, ही तीन कामं घेऊन पोरगा किंवा पोरगी पुण्याहून, संभाजीनगरहून चार दिवसांची रजा काढून गावी येते. तीन कामांची तीन दारं असतात: पगारासाठी तहसील, घरकुलासाठी पंचायत समिती, घरपट्टीसाठी ग्रामपंचायत. पण प्रत्येक दारात विचारतात त्याच चार गोष्टी: नाव काय, वय किती, खातं कोणतं, जमीन-घर कुणाच्या नावावर.

पहिल्या तीन गोष्टी चुकल्या तर हेलपाटे पडतात. चौथी चुकली तर म्हातारपण उघड्यावर पडतं. पगार बसावा म्हणून घाईनं सातबारा पोरांच्या नावावर करून देणारी माणसं प्रत्येक तालुक्यात सापडतात. असं का करू नये, ते पुढे येईलच. आधी क्रम लावून घेऊ.

आधार आणि खातं

गावात आधारचं शिबिर लागलं तेव्हा ऑपरेटरनं विचारलं, “आजी, वय किती?” आजी म्हणाल्या, “असंल की साठ-बासष्ट.” मग 1 जानेवारी ही तारीख आणि अंदाजाचं साल पडलं. आज तेच साल श्रावणबाळच्या आड येतं, कारण तिथे 65 वर्षं पूर्ण लागतात. योजनेच्या नियमानुसार वयाचा पुरावा म्हणून जन्मनोंदवहीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिकेतलं किंवा मतदार यादीतलं वय, नाहीतर ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला चालतो. तरीही पैसे आधारवरून वाटले जात असल्यानं आधारात वय कमी असेल तर अर्ज अडतो. आधारातली जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. म्हणून पक्का पुरावा हातात आल्याशिवाय केंद्रावर जाऊ नका. शाळेत दोन-चार वर्षं गेलेल्या माणसाचा प्रवेश-निर्गम उतारा जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा सापडतो. मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्या आणि अंदाजे साल सांगा, म्हणजे जुनी रजिस्टरं चाळणं सोपं जातं.

नावाचीही एक गंमत आहे. निजामाच्या काळापासून चालत आलेल्या पद्धतीनं सातबाऱ्यावर ‘गयाबाई भ्र. किसन’ (भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा) असं असतं, आधारवर ‘गयाबाई किसनराव’ आणि पुढे आडनाव, बँकेत ‘गया किसन’. तहसीलदारांना ही तिन्ही नावं एकाच बाईची असल्याचं शपथपत्र द्यावं लागतं. इथे एक लक्षात ठेवा: उत्पन्न, रहिवास, जात अशा दाखल्यांसाठी आणि शासकीय कार्यालयात द्यायच्या शपथपत्राला मुद्रांक लागत नाही. 1 जुलै 2004 पासून ही माफी आहे. साध्या कागदावर चालतं. आवारातला माणूस पाचशेचा बाँड घ्यायला लावत असेल तर त्याला ही तारीख सांगा.

आता खातं. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे ‘आधारला शेवटी जोडलेल्या’ खात्यात जातात, अर्जात लिहिलेल्या खात्यात जातीलच असं नाही. सिमकार्ड घेताना कुणीतरी अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलेलं असतं आणि पगार वर्षभर तिथेच साचत राहतो. इकडे म्हातारी जिल्हा बँकेच्या पायऱ्या झिजवत असते. म्हणून बँकेत जाऊन ‘आधार लिंक आहे का’ एवढंच विचारू नका, ‘डीबीटीसाठी एनपीसीआयला मॅपिंग कोणत्या बँकेचं आहे’ असं विचारा. एनपीसीआय ही बँकांमधली देवाणघेवाण चालवणारी संस्था, आणि आधारवरचे पैसे कोणत्या बँकेत पाठवायचे ही तिच्याकडची नोंद म्हणजे मॅपिंग. केवायसी, म्हणजे ओळख पटवणं, वेगळं आणि मॅपिंग होणं वेगळं. मॅपिंग दुसरीकडे असेल तर हव्या त्या शाखेत संमतीचा फॉर्म भरून द्यायचा.

खुरपून, वेचून बोटांच्या रेषा गेल्या असतील तर अंगठा लागत नाही. आधार केंद्रावर बायोमेट्रिक अद्ययावत करून घ्या, शिवाय घरातला चालू मोबाईल नंबर जोडा. गावाबाहेर राहणाऱ्या मुलाचा नंबर जोडला की ओटीपी पुण्यात आणि आजी गेवराईत, असं होतं. जो माणूस गावात कायम असतो त्याचाच नंबर द्या.

पगार: कोणती योजना, किती पैसे

65 वर्षांच्या आत असलेली विधवा, परित्यक्ता, दिव्यांग, दुर्धर आजारी, निराधार व्यक्ती संजय गांधी निराधार अनुदान योजनेत बसते. 65 आणि त्यापुढे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल तर श्रावणबाळच्या सोबत केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजना जोडली जाते. त्यात केंद्राचे 79 वर्षांपर्यंत 200 रुपये आणि 80 पासून 500 रुपये असतात, उरलेले राज्य घालतं. लाभार्थ्याच्या हातात एकूण 1,500 रुपयेच पडतात. जुलै 2023 पासून ही रक्कम आहे, त्याआधी हजार होते. दिव्यांग लाभार्थ्यांना ऑक्टोबर 2025 पासून 2,500 रुपये केले आहेत. त्यामुळे ऐकू येत नाही, दिसत नाही, पाय निकामी आहे अशा वृद्धांचं दिव्यांग प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून काढणं सोडू नका. किमान 40 टक्के लागतं आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, लागतं.

मर्यादा आहे कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत, दिव्यांगांसाठी 50,000. आजच्या भावात एकवीस हजार म्हणजे महिन्याला साडेसतराशे. ही मर्यादा वास्तवाला धरून नाही हे तहसीलमधले कारकूनही कबूल करतील, पण कागदावर ती आहे. महाराष्ट्रात किमान 15 वर्षांचा रहिवासही लागतो.

कामाचा क्रम असा ठेवा. आधी तलाठ्याकडून (आता पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालं आहे, लोक तलाठीच म्हणतात) उत्पन्नाचा अहवाल, मग त्यावर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. रहिवासाचा आणि वयाचा पुरावा, शिधापत्रिका, आधार, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, फोटो. विधवेसाठी पतीचा मृत्यूचा दाखला. दारिद्र्यरेषेतल्यांनी यादीतल्या नोंदीचा उतारा जोडायचा. अर्ज सेतू किंवा आपले सरकार केंद्रातून करा, नाहीतर थेट तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या. पोहोच पावती आणि नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. उत्पन्नाचा दाखला लोकसेवा हक्क कायद्याखाली 15 दिवसांत मिळायला हवा. नाही मिळाला तर पावतीच्या आधारे अपील करता येतं. पावतीच नसेल तर काहीच करता येत नाही.

अर्ज तालुका समितीच्या बैठकीत मंजूर होतात. बैठक कधी लागेल याचा भरवसा नसतो, म्हणून महिन्यातून एकदा शाखेत जाऊन ‘यादीत आहे की त्रुटीत’ एवढं विचारा. त्रुटी निघाली की तोंडी न ऐकता लिहून मागा. मंजुरीनंतर दरवर्षी हयातीचा दाखला आणि पडताळणी असते. पगार बंद पडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच: पडताळणीच्या वेळी माणूस जागेवर नव्हता.

ऊसतोडीच्या गावांनी इथे विशेष सांभाळावं. दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार भागातली जोडपी टोळीबरोबर निघतात ती मार्च-एप्रिलात परततात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. कोयता घेऊन निघण्याआधी खात्याचं मॅपिंग, मोबाईल नंबर आणि हयातीचं काम उरकून घ्या. पासबुक, आधारच्या दोन प्रती, पावत्या एका पिशवीत घालून ज्या घरात रोज जाणं-येणं आहे तिथे ठेवा. एटीएम कार्डाचा पिन मात्र कुणाकडेही ठेवू नका.

लाडकी बहीण योजनेचे पैसे घेणाऱ्या बायका 65 ओलांडल्या की तिथून बाहेर पडतात. आपोआप श्रावणबाळमध्ये जाता येत नाही, नवा अर्ज करावा लागतो. शिवाय लाडकी बहीणला कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे, श्रावणबाळला एकवीस हजार. म्हणजे पाय दुखायला लागल्यावर हातखर्च बंद, असं बऱ्याच घरांत होणार आहे. वाढदिवसाच्या चार-सहा महिने आधी उत्पन्नाच्या दाखल्याला लागा.

दवाखाना, चष्मा, एसटी

70 पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. ऑक्टोबर 2024 पासून ही सोय आहे. वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार अंगीकृत, म्हणजे योजनेत सामील, रुग्णालयात विनारोकड. घरात सत्तरीपुढचे दोघं असतील तर दोघांत मिळून. नोंदणी आधारवरच्या वयानं होते. कार्ड आजारी पडण्याआधी काढा. अपघात विभागाच्या दारात ई-केवायसीसाठी अंगठा देण्याच्या अवस्थेत कुणी नसतं. रुग्णालयात गेल्यावर सगळ्यात आधी ‘आरोग्यमित्र’, म्हणजे योजनेचा मदतनीस, शोधा आणि अनामत भरण्याआधी त्याला कार्ड दाखवा. भरून झालेले पैसे परत मिळवणं फार अवघड जातं.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 पुढच्यांना एकदाच 3,000 रुपये मिळतात: चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर, कमोड खुर्ची, कमरेचा पट्टा अशा वस्तूंसाठी. उत्पन्न मर्यादा 2 लाख. अर्ज जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांकडे. पैसे जमा झाल्यावर 30 दिवसांत वस्तूचं बिल द्यावं लागतं, ते बहुतेक जण विसरतात. एसटीत 75 पुढे मोफत, 65 ते 75 निम्मं तिकीट, आणि बायकांना वय कितीही असो निम्मं.

घरकुल

‘ड यादीत नाव आहे का?’ या प्रश्नानं सुरुवात होते. ड यादी म्हणजे आधीच्या सर्वेक्षणातली घरकुलासाठीची यादी. ड यादी संपत आल्यावर आवास प्लस 2024 चं नवं सर्वेक्षण झालं. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (जुन्या नावानं ग्रामसेवक) दोन्ही याद्या पाहा. त्यात कुणाचं नाव आहे हे नीट वाचा: वडिलांचं, मुलाचं की सुनेचं. पाच एकर किंवा जास्त कोरडवाहू, अडीच एकर किंवा जास्त बागायत, 50,000 किंवा जास्त मर्यादेचं किसान क्रेडिट कार्ड, तीनचाकी-चारचाकी गाडी, घरात महिना 15,000 पेक्षा जास्त कमावणारा, यातलं काहीही असेल तर प्रधानमंत्री आवास योजनेतून नाव वगळलं जातं. दुचाकी आता आड येत नाही. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, इतर मागासवर्गासाठी मोदी आवास अशा राज्याच्या योजना आहेत. नाव एका यादीत नसेल तर दुसरीत विचारा.

पैशाचा हिशेब मांडून पाहा. मूळ अनुदान 1,20,000. दुसऱ्या टप्प्यात राज्यानं 50,000 वाढवले, त्यातले 35,000 बांधकामाला आणि 15,000 छतावरच्या सौर संचासाठी. रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, 2025-26 च्या 312 रुपये दरानं 28,080. शौचालय आधी घेतलं नसेल तर 12,000. सौर संच सोडला तर बेरीज 1,95,080 होते. घर किमान 269 चौरस फूट हवं. म्हणजे फुटाला सव्वासातशे रुपये, आणि या पैशात गवंडी-साहित्य दोन्ही बसवायचं. घरकुलाला पाच ब्रास वाळू मोफत मिळते. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. तहसीलमधून त्याची पावती काढा, पण वाहतूक आपल्याच अंगावर असते हे विसरू नका. मजुरीचे पैसे हजेरीपत्रकावर नाव लागल्यावरच निघतात. जॉबकार्डावर फक्त सत्तरीचे वडील असतील तर आठवडे भरणार कोण? घरातल्या काम करू शकणाऱ्या माणसाचं नाव आधीच जॉबकार्डात घाला.

जुनं घर कार्यारंभ आदेश आणि जिओ-टॅगिंग (ठिकाणाच्या नोंदीसह फोटो) यांच्या आधी पाडू नका. पहिला फोटो उभ्या जुन्या घराचा किंवा जागेचा लागतो. पाडून मोकळे झालेले लोक पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये राहतात, म्हाताऱ्यांसकट. पहिला हप्ता 15,000 चा असतो, पुढचे जोता, भिंती, छत अशा टप्प्यांच्या फोटोंवर. ठेकेदाराला हप्ता येण्याआधी उचल देऊ नका.

काळ्या मातीत पाया घालताना हात आखडता घेऊ नका. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दोन वर्षांत भिंतीला तिरका तडा जातो. मुरूम लागेपर्यंत खोदा, आणि जोत्यात काळी माती न भरता मुरूम भरून पाणी मारून धुमस करा. यात वाचवलेले पैसे पुढे डागडुजीत दुपटीनं जातात.

आणि घर म्हाताऱ्यांसाठी आहे हे नकाशात दिसू द्या. शौचालय आत, झोपायच्या खोलीला लागून. परसात पन्नास पावलांवर नको. दार तीन फुटी, उंबरठा नाहीच. कमोड बसवा, शेजारी भिंतीत कमरेच्या उंचीवर आडवा पाइप पक्का करा. फरशी खडबडीत. पायरी सहा इंचांपेक्षा उंच नको. उतार करायचा असेल तर उंचीच्या बारा पट लांबी धरा: जोतं दीड फूट असेल तर अठरा फूट उतार लागतो. अठरा फूट अंगण नसेल तर जोतंच एका पायरीवर आणा किंवा उतार वळवून घ्या. चार फुटांत केलेला उतार घसरगुंडी होते, त्यापेक्षा पायऱ्या बऱ्या.

जागाच नसेल तर पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून 500 चौरस फुटांपर्यंतच्या जागेला 1 लाखापर्यंत मदत मिळते. जागा वडिलांची आणि घरकुल मुलाच्या नावावर असेल तर ग्रामपंचायत वडिलांचं संमतिपत्र मागते. त्या संमतिपत्रातच एक ओळ लिहा: ‘या घरात संमती देणार व त्यांची पत्नी यांना हयातभर राहण्याचा हक्क राहील.’ नव्या घरात सून-मुलगा आणि म्हातारे गोठ्यात, हे चित्र या एका ओळीच्या अभावी उभं राहतं.

शहरात प्रधानमंत्री आवास शहरी 2.0 मध्ये स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्या, वार्षिक 3 लाखांच्या आतल्या कुटुंबाला केंद्राचे दीड आणि राज्याचा एक असे अडीच लाख मिळतात. सोडतीतली घरं म्हाडाच्या छत्रपती संभाजीनगर मंडळाकडे असतात.

घरपट्टी आणि नमुना आठ

नमुना 8 ला लोक घराचा मालकी हक्क समजतात. तसं नाही. ती कर आकारणीची नोंदवही आहे. कर कुणाकडून घ्यायचा एवढंच ती सांगते. मालकीसाठी स्वामित्व योजनेतली मिळकत पत्रिका आणि सनद पाहा, तुमच्या गावाची ड्रोन मोजणी झाली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात ती मिळते. पण नमुना 8 वरचं नाव बदललं की घरात सत्ता बदलते, हेही खरं. वडील गेल्यावर ग्रामपंचायतीत गुपचूप फक्त थोरल्याचं नाव लागतं आणि आईचं राहून जातं. नमुना 8 चा उतारा वर्षातून एकदा काढून वाचा.

ग्रामपंचायतीची घरपट्टी वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे 30 सप्टेंबरपर्यंत, भरली तर 5 टक्के सूट आहे आणि वर्ष उलटल्यावर 5 टक्के दंड. महापालिका हद्दीत (छत्रपती संभाजीनगर, नांदेड-वाघाळा, लातूर, परभणी, जालना) थकबाकीवर दर महिना 2 टक्के शास्ती लागते, म्हणजे वर्षाला 24. महापालिका अधूनमधून शास्ती माफीची अभय योजना काढतात. मूळ रक्कम जवळ तयार ठेवा. माजी सैनिक आणि त्यांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे, पण अर्ज केल्याशिवाय कुणी माफ करत नाही. बाकी काहीही असो, पावती म्हाताऱ्यांच्याच नावानं फाडा. ज्याच्या नावानं पावत्या, त्याचाच ताबा असं पुढे वादात मानलं जातं.

नावावर करून देण्याआधी

आता ती चौथी गोष्ट. तलाठी म्हणतो, ‘जमीन नावावर आहे, उत्पन्न एकवीस हजारांत बसत नाही.’ मुलं म्हणतात, ‘मग आमच्या नावावर करा.’ हिशेब करा. श्रावणबाळचे वर्षाला 18,000 मिळतील. पण सातबारा गेला की पीएम किसानचे 6,000 आणि नमो शेतकरीचे 6,000 असे 12,000 थांबतात. ते मुलालाही मिळत नाहीत, कारण जमीन 1 फेब्रुवारी 2019 पूर्वी नावावर असावी लागते, वारसानं आलेली तेवढी सोडून. म्हणजे खरा फायदा उरला सहा हजार, आणि त्या बदल्यात आयुष्यभराचा आधार हातचा गेला. पीकविमा, पीककर्ज, उद्या रस्त्यात जमीन गेली तर मोबदला, सगळं मुलाच्या खात्यात.

द्यायचंच असेल तर मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी ऐच्छिक आहे आणि फी 100 रुपये. मन बदललं तर नवं करता येतं. साक्षीदार मिळकत न मिळणारे आणि वयानं तरुण घ्या. वडिलोपार्जित जमिनीत मात्र स्वतःच्या हिश्श्यापुरतंच मृत्युपत्र चालतं.

बक्षीसपत्राचा मुद्रांक मुलगा, मुलगी, पती, पत्नी, नातवंडं यांना राहती किंवा शेतमिळकत देताना फक्त 200 रुपये आहे, वर स्थानिक संस्थेचा 1 टक्का. स्वस्त आहे म्हणूनच घाई होते. ते रद्द करणं मात्र स्वस्त नाही. करायचंच ठरलं तर दस्तात ही अट शब्दशः घाला: ‘लिहून घेणार यांनी लिहून देणार यांचे हयातभर अन्न, वस्त्र, निवारा व औषधोपचार करावेत या अटीवर ही मिळकत देत आहे, तसे न केल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील.’ आई-वडील व ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा 2007 च्या कलम 23 नुसार अशी अट मोडली तर दस्त रद्द करून मागता येतो. अट दस्तात असायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं 2022 मध्ये म्हटलं आहे. दस्तलेखक ‘प्रेमापोटी दिले’ एवढंच छापून आणतो. सही करण्याआधी वाचून घ्या.

सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असेल तर आधी परवानगी लागते. मराठवाड्यात मदतमाश म्हणजे चरितार्थासाठी इनाम दिलेल्या आणि खिदमतमाश म्हणजे देवस्थानच्या जमिनी बऱ्याच आहेत. त्यावर परवानगीविना केलेला दस्त पुढे अंगलट येतो.

हक्कसोडपत्राचं, म्हणजे आपला वाटा सोडून देण्याच्या कागदाचं, तर आईला कुणी विचारतच नाही. वडील गेले की पत्नीला मुला-मुलींच्या बरोबरीचा हिस्सा मिळतो. वारसनोंद तीन महिन्यांत तलाठ्याकडे कळवायची असते. त्या गडबडीत ‘आई, इथं अंगठा दे’ म्हणत हक्कसोड करून घेतली जाते. लातूर-धाराशिवमधल्या 1993 च्या भूकंपानंतर वसवलेल्या गावांत तर घर वडिलांच्या नावानं मिळालेलं आणि आता तिसरी पिढी वाटण्या करते आहे. आईचं नाव तिथे राहू द्या.

पोरं सांभाळत नसतील तर

60 वर्षांपुढच्या आई-वडिलांनी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे चरितार्थ न्यायाधिकरणाकडे अर्ज करायचा. मुलगा, मुलगी, सज्ञान नातवंडं जबाबदार धरली जातात. मूलबाळ नसेल तर ज्याला मिळकत मिळणार तो नातेवाईक. मुलगा पुण्यात असला तरी अर्ज आई-वडील राहतात त्याच उपविभागात चालतो. वकील लागत नाही, कायद्यानं तिथे वकिलाला उभं राहता येत नाही. साध्या कागदावर लिहा: मुलांची नावं-पत्ते, कोण काय कमावतो, महिन्याचा औषधाचा आणि किराण्याचा खर्च आकड्यांत, कोणती मिळकत कधी दिली. सोबत औषधाची बिलं आणि सातबारा-नमुना 8 चे उतारे. ‘सांभाळत नाही’ एवढंच लिहिलेला अर्ज कमजोर पडतो.

90 दिवसांत निकाल अपेक्षित आहे, फार तर आणखी 30. कमाल 10,000 रुपये महिना मिळू शकतात. नाराज पालकांना 60 दिवसांत वरच्या न्यायाधिकरणात अपील करता येतं. आदेश होऊनही पैसे न आल्यास त्याच न्यायाधिकरणाकडे वसुलीचा अर्ज द्या. वॉरंट निघतं आणि एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. गावात चारचौघांत बोलणं लाजेचं वाटत असेल तर आधी 14567 या ज्येष्ठांच्या हेल्पलाइनवर बोला. सकाळी 8 ते रात्री 8.

निवृत्त गुरुजींचा आयकर

शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे आणि पगाराच्या पंधराशेचा इथे प्रश्नच नाही. हा भाग निवृत्तिवेतन आणि ठेवी असलेल्यांसाठी. नव्या पद्धतीत 2025-26 साठी 12 लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कर शून्य होतो, निवृत्तिवेतनातून आधी 75,000 वजा. जुन्या पद्धतीत 60 पुढे 3 लाख आणि 80 पुढे 5 लाख सूट, शिवाय ठेवींच्या व्याजावर 50,000 पर्यंत आणि आरोग्य विम्यावर 50,000 पर्यंत वजावट. बहुतेक गुरुजींना नवी पद्धत सोपी पडते. पण ‘कर शून्य म्हणजे विवरणपत्र नको’ ही चूक करू नका: नव्या पद्धतीत उत्पन्न 4 लाखांच्या वर गेलं की विवरणपत्र भरावंच लागतं. प्लॉट विकून आलेल्या नफ्याला ती 12 लाखांची सवलत लागत नाही. गावाकडची शेतजमीन नगरपालिका हद्दीपासून ठरलेल्या अंतरापलीकडे असेल तर तिच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर नाही. ते अंतर लोकसंख्येप्रमाणे 2, 6 किंवा 8 किलोमीटर आहे. अंतर हद्दीपासून मोजतात, बसस्थानकापासून नाही.

ज्येष्ठांच्या ठेवींवर एका बँकेत वर्षाला 1 लाखापर्यंत व्याजाची कपात होत नाही. व्याज त्याहून जास्त पण कर शून्य असेल तर कपात टाळण्याचं घोषणापत्र, आजवर ज्याला 15-एच म्हणत आलो ते, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक बँकेत वेगवेगळं द्या. 1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा असल्यानं कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदललेले दिसतील. शाखेत ‘ज्येष्ठांचं कपात न करण्याचं घोषणापत्र’ असं मागा.

ठेव कुठे ठेवायची यावर एकच सांगणं. 5 लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकेला असतं, पतसंस्थेला नसतं. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी आयुष्यभराची ग्रॅच्युइटी पतसंस्थेत टाकू नका. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत ठेवता येतात, 2025-26 मध्ये व्याज 8.2 टक्के आहे आणि ते दर तिमाहीला खात्यात येतं. खातं उघडताना वारसाचं नाव घाला, आणि पत्नीचं नाव जोडखातेदार म्हणून पहिल्याच दिवशी लावा.